सातवं पाणी

नाही नाही ताई, उठू नका, बसा — रस्ता चुकलात म्हणून इथे कुणी खाऊन टाकत नाही. रोज एकदोन जण येतातच चुकून. हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमधून डावीकडे वळलं की एक्स-रे, उजवीकडे वळलं की आमची लॅब, आणि पाटी लावलीय नेमकी दारावर — म्हणजे दार उघडं असलं की पाटी भिंतीकडे तोंड करून उभी. सांगून सांगून थकलो, पाटी हलवा म्हणून. कोण ऐकतंय. चपला तेवढ्या तिथे काढा आणि त्या निळ्या घाला — हां, मोठ्या होतील, चालतंय. तर काय म्हणत होतात, उद्या सकाळी आठला? उजवं मनगट? दुकानाच्या काचेच्या दारावर आपटली ती, केस कापणारी? म्हणजे तुमचीच लेक ती. नाही, मी बघितलं नाही तिला कधी, पण कागदावर ओळखतो — वय सव्वीस, अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर, साडेतीन सेंटिमीटर नस गेलेली. कागदावर असंच लिहितात. कात्री धरता येत नाही हे लिहीत नाहीत. आणि गरम चहाचा कप हातातून सुटला ते पायावर सांडल्यावर कळलं, हे तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून कळलं. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही म्हणाले ना तिला? बरोबर आहे, तसंच असतं. तुम्ही घ्या पाणी. प्यायचंच आहे हे, भिऊ नका.

मला मामा म्हणा. सगळे मामाच म्हणतात, मोठे सरसुद्धा — माझ्या सख्ख्या भाच्यानं म्हटलं नसेल इतकं ह्या लोकांनी म्हटलंय एकतीस वर्षांत. माझं काम काय, तर पेशी सांभाळणं. नसेच्या पेशी. नस म्हणजे रक्ताची नव्हे हं, ती वेगळी — ही बातमी नेणारी, बोटाला चटका बसला की डोक्याला सांगणारी. तिच्या पेशी इथे त्या कपाटात असतात, उबेत. त्यांना खायला घालायचं, खालचं पाणी बदलायचं, गर्दी झाली की वेगळ्या करायच्या. घरी बायको म्हणायची, आपल्या पोरांना इतक्या वेळेवर भरवलं असतंत तर दोन इंच उंच झाली असती. बरं, तुमचा प्रश्न काय, तर हातात कोळसा घालणार का. अगदी बरोबर प्रश्न आहे, लाजू नका — डॉक्टरांना विचारला असतात तर त्यांनी तुम्हाला एक पुस्तिका दिली असती. हे बघा, कोळसा कार्बन, पेन्सिलीतली काळी कांडी कार्बन, आणि तुमच्या माझ्या अंगातही तोच ठासून भरलाय. फरक मांडणीचा. उद्या मनगटात बसवायची ती आमची नळी, तिच्यात त्याचे धागे असतात, केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना नुसती काळी मखमल दिसते. तुटलेल्या नसेचं वरचं टोक असतं ना, ते वाढतं बरं का, पण अंधारात चाचपडल्यासारखं, कुठेही जातं. मग दोन टोकांमध्ये ही नळी बसवायची, म्हणजे त्या टोकाला धागे धरून धरून पलीकडे जाता येतं. दिवसाला एक मिलिमीटर धरा. आणि कार्बनमधून वीज वाहते, नसेचं बोलणंही विजेचंच — त्यामुळे ह्या दोघांचं जमतं. पेशींना कार्बन आवडतो. हे मी सांगतोय, पुस्तिका नाही.

बघायचंय? या, इकडे मायक्रोस्कोपपाशी या, चष्मा काढा. डोळा अगदी टेकवू नका. आता मधोमध काळं दिसतंय ना, तो नळीचा तुकडा. त्याच्या कडेला बघा — दिसलं? ते लांब लांब पाय. एकीचा पाय दुसरीपर्यंत गेलाय, दुसरीचा त्या काळ्या धाग्यावर चढलाय. बघा, हसलात. सगळे हसतात पहिल्यांदा. मीही हसलो होतो, अकरा वर्षांपूर्वी, हे कार्बनचं काम सुरू झालं तेव्हा. त्याआधी काय काय नाही घातलं आम्ही त्यांच्याखाली — काच, प्लास्टिक, कसले कसले जेल — नुसत्या रुसून बसायच्या. आणि ह्याच्यावर नऊ दिवसांत बघा कसा संसार मांडलाय. हो, नऊ दिवस, मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी घातल्या मी.

ती? ती दुसरी डिश आहे. नाही, तिचं काही नाही, ती राहू द्या.

काय सांगत होतो — हां, हातगुण. ह्या लॅबमध्ये एक बोलणं ठरलेलं आहे, मामांच्या हाताला गुण आहे. कार्बन तोच, पेशी त्याच, पण दुसऱ्यानं घातल्या की आठवड्यात आटोपतात आणि मी घातल्या की वाढतात. मोठे सर पाहुण्यांना सांगतात, आमच्याकडे दोन यंत्रं परदेशी आहेत आणि एक मामा देशी आहेत. पाहुणे हसतात, मीही हसतो. माणसाला बरं वाटतं हो ताई. शिक्षण माझं बारावीपर्यंत, सगळे इथे डॉक्टर, आणि तरी गाडी माझ्यापाशी येऊन थांबते. पण हातगुण वगैरे काही नसतं. तुम्ही आता कुणाला सांगणार आहात, म्हणून सांगतो. आमचे वडील रंगारी होते. कापडं रंगवायचे. रंगवणं कुणालाही येतं म्हणायचे, धुणं येत नाही. रंगवलेलं कापड पाण्यातून काढायचं, पुन्हा काढायचं, आणि मग शेवटच्या पाण्यात एक पांढरं फडकं बुडवायचं. फडकं पांढरंच निघालं तर कापड गिऱ्हाइकाला, नाहीतर आणखी पाणी. गिऱ्हाइकाच्या अंगाला आपला रंग लागता कामा नये — लागला तर लाज आपल्या अंगाला लागते, असं म्हणायचे. लहानपणी माझ्या हाताची कातडी कायम सुरकुतलेली असायची, शाळेत पोरं म्हातारा म्हणायची. तर ह्या कार्बनची पहिली शीट, म्हणजे जी गुंडाळून नळी करतात ती, जेव्हा माझ्या हातात आली — लिहिलेलं होतं, तीन पाण्यांतून काढावी, मग पेशी घालाव्यात — मी काढली तीन पाण्यांतून, आणि सवयीनं, अगदी सवयीनं हो, तिसऱ्या पाण्याचा थेंब फिल्टर पेपरवर टाकला. वाळल्यावर कडेनं पिवळसर कडं. चौथ्या पाण्यालाही. पाचव्याला फिकट. सातव्या पाण्याला कडं नव्हतं, कागद कोरा. म्हटलं, आता झालं. घातल्या पेशी, आणि त्या वाढल्या.

कसलं कडं? लोखंडाचं. हे धागे वाढवायला लोखंडाची भुकटी लागते, दह्याला विरजण लागतं तशी, आणि ती धाग्यांच्या पोटात बसून राहते. कार्बनचा दोष नाही त्यात, तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ती भुकटी हळूहळू सुटते, आणि नसेच्या पेशीला ती सोसत नाही. हे सगळं मला नंतर कळलं, सरांच्याच भाषणात मागे उभा राहून ऐकलं. ते म्हणाले, आमच्या पद्धतीत तीन धुण्यांत लोखंड पूर्ण निघून जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नाही सांगितलं. सांगायचं होतं — एकदा जिन्यात गाठलं मी सरांना, म्हटलं, सर, ते धुण्याचं जरा — ते फोनवर होते, त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, मामा, तुम्ही करता ते बरोबरच असतं. आता ह्यावर काय बोलणार. आणि दुसरं असं, की इथे प्रत्येक शीटच्या कागदावर खाली एक ओळ असते, 'लिहिल्याप्रमाणे केले', आणि त्याखाली सही. माझ्या आधीच्या माणसानं एकदा औषध थोडं कमी घातलं, चांगल्यासाठीच घातलं होतं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं. आठवड्यात घरी बसवला त्याला. तेव्हा मी शिकलो — करायचं आपल्या मनाचं आणि लिहायचं कागदाच्या मनाचं. अकरा वर्षं, दर आठवड्याला तीनचार शीटा, तुम्हीच हिशोब करा किती सह्या झाल्या खोट्या. पण काम तर चांगलं होत होतं ना. त्रेचाळीस उंदरांना बसवल्या नळ्या, सगळ्या मीच धुतलेल्या, त्यातले एकेचाळीस उंदीर पायावर उभे राहिले. त्या एकेचाळिसांवर तर तुमच्या लेकीपर्यंत आलंय हे.

मग? मग काय, झाकली मूठ सव्वा लाखाची. असं बघू नका ताई. भीती होती हे खरं, पण नुसती भीती असती तर मी कधीतरी बोललो असतो. भीती जाते हो, चारसहा महिन्यांत जाते. ते दुसरं जात नाही — तुमच्यावाचून अडतं, हे ऐकायची चटक. एक सांगू? हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि आता ती नाही. चार वर्षांपूर्वी लांबच्या एका लॅबमधली पोरगी आली होती इथे शिकायला. तिच्या पेशी मरायच्या. दीड वर्षं तेच काम करत होती, आणि तिचे सर तिला म्हणायचे, तुझ्या हाताला वळण नाही. आठ दिवस माझ्या शेजारी बसली, ह्याच स्टुलावर, वहीत सगळं टिपून घ्यायची — मामा, पाणी किती गरम, मामा, डिश कोणत्या बाजूनं धरता. मी तिला तीन पाणी दाखवली. आणि ती जेवायला गेली की उरलेली चार मी काढायचो. घाईघाईनं, दाराकडे बघत, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. पाचव्या दिवशी पेशी वाढलेल्या बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मामा, तुमचा हातच तसा आहे. मी म्हटलं, तुझाही होईल, सवयीनं. परत गेली, तिच्या पेशी पुन्हा मेल्या. आता कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणे. तिचं नुकसान नकळत झालं, लांबून झालं, असं म्हणायची सोय नाही मला. समोर बसवून केलं.

का उठलात? ती डिश — ताई, राहू द्या म्हटलं ना. बरं. बघा. तुम्ही बघितल्याशिवाय जाणार नाही हे मला मघाशीच कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर झाकून ठेवायची असती तर मी ती ट्रेमध्ये पहिलीच्या शेजारी मांडली नसती. थांबा, मीच ठेवतो. दिसलं? नाही, झोपलेल्या नाहीत. गोल झाल्यात ना, पाय आत ओढून — त्या गेल्या. सगळ्या. ह्याच पेशी, त्याच मंगळवारी घातलेल्या, ह्याच कपाटात ठेवलेल्या, आणि काळा तुकडाही त्याच नळीचा. एकाच नळीचे दोन तुकडे केले मी. पहिला माझ्या पद्धतीनं सात पाण्यांतून काढला. दुसरा आला तसाच ठेवला, पाकिटातून काढून.

पाकिटातून म्हणजे — आता नळ्या आम्ही इथे बनवत नाही. माणसात बसवायच्या म्हटल्यावर कारखान्यात बनवाव्या लागतात, नियमच तसा आहे. त्यांना सरांनी लिहिलेली पद्धत पाठवली. त्यांनी ती अक्षरशः पाळली, चांगली माणसं आहेत, लिहिल्याप्रमाणे केले. तीन पाणी. मग तपासणीही केली, पण त्यांची तपासणी तीन दिवसांची, आणि तीन दिवसांत काही दिसत नाही हो, तिसऱ्या दिवशी ह्या दुसऱ्या डिशमधल्यासुद्धा मजेत होत्या. पाचव्या दिवशी पाय आखडू लागल्या. लोखंड हळूहळू सुटतं म्हटलं ना. चार पाकिटं आली त्यांच्याकडून, पहिल्या खेपेची. एक नमुना म्हणून इथल्या कपाटात ठेवायचं होतं, ते मी फोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला राहवेना, वडिलांचं फडकं आठवलं. उरलेली तीन खाली ऑपरेशन थिएटरच्या कपाटात आहेत. त्यातलं एक उद्या सकाळी आठला उघडतील.

कधी कळलं? परवा. परवा सकाळी सगळ्या गेलेल्या दिसल्या. पहिल्यांदा म्हटलं, डिशला कसली तरी लागण झाली असेल. मग दुपारी त्या डिशमधलं पाणी फिल्टर पेपरवर टाकलं — हा बघा कागद. कडं दिसतंय ना, चष्मा घाला हवं तर. नाही, तेव्हापासून कुणाशी बोललो नाही. मूग गिळून बसलो. सरांना म्हणणार काय? की तुमच्या अकरा वर्षांच्या कामाखाली जी ओळ आहे ती खोटी आहे, आणि ती मी खोटी केलीय? त्या माणसानं मला निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून दिली, माझ्या मुलीच्या आजारपणात स्वतः गाडी चालवत घेऊन गेले. त्यांची मान खाली जाईल हो, सगळ्या जगासमोर. आणि मी तर — हातगुणवाले मामा. काल दिवसभर मी ठरवत होतो, की नळी मनगटात गेली तर काय होईल, कदाचित काहीच होणार नाही, अंग मोठं असतं, रक्त असतं, लोखंड वाहून जाईल. उंदरांचं बघितलंय, माणसाचं कुणाला माहीत. असं मी स्वतःला सांगत होतो. आणि मग तुम्ही नेमक्या ह्याच दारातून आलात, आणि कपाची गोष्ट सांगितलीत.

ऐका, असं करू. तुम्ही विचारा. सरांची मीटिंग आता संपेल, ते येतील इथे हात धुवायला, नेहमी येतात. तुम्ही आई आहात, तुम्हाला काहीही विचारता येतं. एवढंच म्हणा — ही नळी किती पाण्यांतून काढलीय? बस्. ते म्हणतील तीन. तुम्ही म्हणा, पुरतं का तेवढं, शेवटचं पाणी बघितलं का कुणी? सर हुशार आहेत, त्यांना तिथेच शंका येईल, ते थांबवतील सगळं, दहा दिवसांनी बसवतील स्वच्छ धुतलेली. नळी चांगलीच आहे ताई, कार्बन चांगलाच आहे, फक्त चार पाणी कमी पडलीत. तुमच्या लेकीला पुन्हा कात्री धरता येईल, हे मी मनापासून सांगतो. माझं नाव मध्ये यायची गरज नाही. मी इथेच असेन, शेजारी. हो म्हणा ना. मान हलवलीत तरी चालेल.

कागद परत माझ्या हातात का देताय?

आले. सरांचेच बूट. बसा, बसून राहा — या सर. झाली मीटिंग? ह्या उद्याच्या पेशंटच्या आई. नाही, मीच बसवलं त्यांना, रस्ता चुकल्या होत्या. आपल्या पाटीचं ते — हो, तेच. सर, त्यांना काहीतरी विचारायचंय तुम्हाला. विचारा ताई. घाबरू नका, सर चिडत नाहीत. किती पाण्यांतून, एवढंच तर — ताई?

त्या नाही विचारत सर. माझ्याकडेच बघतायत.

सर, तुम्ही खुर्ची घ्या. नाही, दार उघडंच राहू द्या. ही डावीकडची डिश बघा आधी, मग उजवीकडची. एकाच नळीच्या आहेत दोन्ही. नाही सर, लागण नाही झालेली, मीही तेच म्हटलं होतं परवा. हा कागद बघा. कड्याकडे बघा. तीन नाही सर, सात. कधी कधी नऊ. पहिल्या शीटपासून. आधी बघून घ्या, मग काय बोलायचं ते बोला, पण त्याआधी खाली थिएटरला फोन लावा, ती तीन पाकिटं कुणी फोडू नका म्हणून सांगा. नंबर तिथे भिंतीवर आहे. थांबा, मीच लावतो. ताई, तुम्ही जा आता. आलात तसंच सरळ, पॅसेजच्या टोकाला. लेकीजवळ बसा. आणि तिला सांगा, उद्या सकाळी उपाशी राहायचं कारण नाही.